सालामांकाचे ‘से’

स्पेनला जाणारे आपल्याकडील प्रवासी बहुधा माद्रिद, बार्सेलोना आणि दक्षिणेतील ग्रानादा पाहून परततात. माद्रिदपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, पश्चिमेच्या बाजूस, तोर्मेस नदीच्या काठी वसलेले सालामांका हे गाव त्यांच्या वाटेवर सहसा येत नाही. वास्तविक विद्येवर प्रेम करणाऱ्या मनुष्याने प्रथम तेथेच जावे. इ. स. १२१८ मध्ये स्थापन झालेले तेथील विद्यापीठ स्पेनमधील चालू विद्यापीठांत सर्वांत जुने आहे, आणि स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरणही १४९२ साली याच गावी निघाले. आमचा पुतण्या तेथे संशोधनासाठी राहत असल्यामुळे गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयतां तीन आठवडे त्या गावी राहून आलो. चर्चे, वाडे आणि पूल यांची वर्णने प्रवासाच्या पुस्तकांत पुष्कळ सापडतील. आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचे आहे ते त्या गावात पदोपदी भेटणाऱ्या एका एकाक्षरी शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे ‘से’.

तत्पूर्वी गावाचा थोडा परिचय. जवळच्या बियामायोर येथील खाणींतून निघणारा एक वालुकाश्म येथल्या बहुतेक जुन्या इमारतींना वापरला आहे. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून त्यावर बारीक नक्षी कोरता येते. पुढे हवा लागून तो कठीण होतो आणि त्यास सोनेरी तांबूस रंग चढतो. मे महिन्याच्या अखेरीस तेथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्या लांबलेल्या संध्याकाळी सारे गाव प्लाथा मायोर या मुख्य चौकात फेऱ्या मारावयास येते. हा चौक १७२९ साली बांधावयास घेतला आणि १७५५ साली पुरा झाला. चारी बाजूंस कमानींची ओवरी आहे, आणि कमानींच्या वर राजे, सेनापती, साहित्यिक यांचे मुखवटे गोल पदकांत कोरलेले आहेत. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरील नक्षीत एका कवटीवर बसलेला बेडूक आहे. तो ज्या विद्यार्थ्याला आपणहून सापडेल तो परीक्षेत उत्तीर्ण होतो, अशी समजूत आहे. आमच्या सौभाग्यवतींना तो दहा मिनिटांत सापडला.

गाव विद्यार्थ्यांचे असल्यामुळे खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय मोठा आहे. घरोघरी सज्ज्यांवर पाट्या दिसतात : ‘से अल्किला’, म्हणजे भाड्याने देणे आहे, ‘से बेंदे’, म्हणजे विकणे आहे. दुसऱ्याच दिवशी सौभाग्यवतींनी पुतण्यास विचारले, “अरे, हा ‘से’ कोण गृहस्थ आहे? निम्म्या गावात याचीच घरे दिसतात!” पुतण्या हसून म्हणाला, “काकू, तो कोणीच नाही. म्हणूनच तो सगळीकडे आहे.” हा विनोद आमच्या मनात राहिला, कारण त्यात व्याकरणाचा एक मोठा प्रश्न दडलेला होता.

प्रथम साधी गोष्ट पाहू. क्रिया एकाने केली आणि ती दुसऱ्यावर घडली, तर ते क्रियापद सकर्मक. हे आपल्याकडील पाचवी-सहावीच्या मुलांनाही ठाऊक असते. स्पॅनिशमध्ये ‘बान्यार’ म्हणजे आंघोळ घालणे. आई मुलाला आंघोळ घालते, तेव्हा हे क्रियापद तसेच वापरले जाते. पण तीच आई स्वतः स्नान करते, तेव्हा स्पॅनिश भाषा नवे क्रियापद शोधीत नाही. त्याच क्रियापदाला एक लहानसे सर्वनाम जोडते. ‘मी’ असेल तर ‘मे’, ‘तू’ असेल तर ‘ते’, आणि ‘तो, ती, ते’ असतील तर ‘से’. मूळ धातूच्या रूपाला हे शेवटी चिकटते आणि ‘बान्यार’चे ‘बान्यार्से’ होते. जी क्रिया दुसऱ्याकडे जावयाची ती वळून कर्त्याकडेच आली, एवढे ते ‘से’ सांगते. आपण यास आत्मवाचक क्रियापद म्हणू.

येथे आम्हांस गंमत वाटली ती अशी की, ज्या ज्या ठिकाणी स्पॅनिश मनुष्य ‘से’ लावतो किंवा काढतो, त्या बहुतेक ठिकाणी मराठी मनुष्य धातूच बदलतो. ‘लेबान्तार’ म्हणजे उठविणे, ‘लेबान्तार्से’ म्हणजे उठणे. ‘सेन्तार’ म्हणजे बसविणे, ‘सेन्तार्से’ म्हणजे बसणे. ‘आकोस्तार’ म्हणजे निजविणे, ‘आकोस्तार्से’ म्हणजे निजणे. आपल्याकडे मूळ क्रिया ‘उठणे’ ही आहे, आणि दुसऱ्याकडून ती करवावयाची तर प्रत्यय लावून ‘उठविणे’ हे प्रयोजक रूप साधतो. स्पॅनिशमध्ये ओघ उलटा आहे. तेथे ‘उठविणे’ हे मूळ, आणि ‘उठणे’ म्हणजे स्वतःस उठविणे. सकाळी अंथरुणातून बाहेर पडणारा प्रत्येक स्पॅनिश मनुष्य व्याकरणदृष्ट्या स्वतःलाच हलवून जागा करीत असतो. आमच्या शाळेतील काही विद्यार्थ्यांना हे रूप शिकविण्याजोगे आहे.

सकर्मक क्रियापदाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे एक विलक्षण साम्य आढळले. ‘मी देऊळ पाहतो’ असे आपण म्हणतो, पण ‘मी मुलाला पाहतो’ असे म्हणतो. देवळाला ‘ला’ लागत नाही, मुलाला लागतो. स्पॅनिशमध्येही ‘पाहतो चर्च’ असे सरळ म्हणतात, आणि कर्म मनुष्य असेल तर त्यामागे ‘आ’ हे अव्यय लावतात. ज्यावर क्रिया घडते तो सजीव मनुष्य आहे, याची आठवण देण्याची गरज सात-आठ हजार किलोमीटर अंतरावरच्या या दोन भाषांना सारखीच वाटली.

आता थोडे पुढे जाऊ. प्लाथा मायोरमधील ओवरीत एके सकाळी आम्ही कॉफी घेत बसलो होतो. शेजारच्या मेजावर एक आजीबाई आणि त्यांचा सहा-सात वर्षांचा नातू होता. मुलाचा हात लागून पाण्याचा पेला खाली पडला आणि फुटला. मुलगा आजीकडे पाहून म्हणाला, “से मे आ काईदो.” आजीबाईंनी त्याचा हात कापला नाही ना, एवढे पाहिले, कामगार केरसुणी घेऊन आला, प्रकरण मिटले. त्या वाक्याचा अर्थ पुतण्याने फोड करून सांगितला. ‘काईदो’ म्हणजे पडलेला. ‘से’ म्हणजे ती क्रिया पेल्याची पेल्यापाशीच घडली. आणि मधला ‘मे’ म्हणजे ‘मला’. “पेला पडला, आणि हे पडणे माझ्या वाट्यास आले,” असा काहीसा भाव. त्याने पेला पाडला असे तो म्हणाला नाही, आणि पेल्याशी आपला काही संबंध नाही असेही म्हणाला नाही.

सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आपण नाही का म्हणत, ‘माझ्या हातून पडला’?” तुलना चोख होती. तरीही दोहोंत एक बारीक भेद आहे. मराठीत ‘माझ्या हातून’ म्हणताना मनुष्य निदान हात आपला होता हे कबूल करतो. हेतू तेवढा नाकारतो. स्पॅनिश वाक्यात हात येतच नाही. तेथे मनुष्य घटनेचा धनी नसून ती घटना सोसणारा ठरतो. किल्ली हरवली, गाडी बंद पडली, निरोप सांगावयाचा राहून गेला, या सर्वांसाठी हाच साचा चालतो. ‘मी विसरलो’ म्हणण्याऐवजी ‘ते मला विसरले गेले’ अशा धर्तीचे वाक्य तेथे रोजच्या बोलण्यातले आहे.

इतकी वर्षे शाळेत काढलेल्या मनुष्यास हा विषय केवळ भाषेचा वाटत नाही. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील सरकारी मराठी शाळेत दर पावसाळ्यात एखादी तरी खिडकीची काच जाते. “काच कोणी फोडली?” असे वर्गात विचारले की एकमुखाने उत्तर येते, “फुटली, सर!” आमचा प्रश्न सकर्मक, मुलांचे उत्तर अकर्मक. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे या जोड्या मराठीत शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतील पहिले रूप हे मुलांचे जन्मसिद्ध आश्रयस्थान आहे. त्यातही मौज अशी की, ‘काच फुटली’ आणि ‘बंडूने काच फोडली’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद काचेचेच लिंग आणि वचन सांभाळते. फरक इतकाच की दुसऱ्या वाक्यात बंडूला ‘ने’ प्रत्यय लावून सर्वांसमोर उभे करावे लागते.

‘से’चा अर्थ सरसकट ‘स्वतःला’ असा घेऊन मात्र चालणार नाही. काच स्वतःला फोडीत नाही, घर स्वतःला विकीत नाही. पाट्यांवरील ‘से’ हे कर्त्याला पडद्याआड ठेवणारे आहे. आपल्याकडील ‘विकणे आहे’ किंवा ‘येथे थुंकू नये’ यांच्या जातीचे. आणखी एक ‘से’ तर याहून निराळे. पुतण्याच्या घरी बटाटा आणि अंडी घालून केलेली जाड तोर्तिया असे. त्याने ती ‘खाल्ली’ तर ‘कोमेर’. पण अख्खी तोर्तिया एकट्याने फस्त केली तर ‘कोमेर्से’. ‘ईर’ म्हणजे जाणे, ‘ईर्से’ म्हणजे निघून जाणे. ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणे, ‘दोर्मीर्से’ म्हणजे झोपी जाणे. येथे कर्म कायम आहे किंवा मुळातच नव्हते, आणि तरीही ‘से’ आहे. परदेशी विद्यार्थी येथेच अडखळतात.

मराठी मनुष्याने अडखळण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘खाऊन टाकणे’, ‘निघून जाणे’, ‘झोपी जाणे’ हे प्रयोग आहेतच. त्याहून जुना आधार संस्कृतात आहे. पाणिनीने परस्मैपद आणि आत्मनेपद असा भेद सांगितला. जे धातू दोन्ही पदांत चालतात, त्यांच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्यालाच मिळावयाचे असेल तर आत्मनेपद वापरावे, असा त्याचा नियम आहे. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, म्हणून ‘यजति’. यजमान स्वतःच्या कल्याणासाठी करतो, म्हणून ‘यजते’. मराठीत ही पदे उरली नाहीत, पण त्यांचे काम ‘घेणे’ आणि ‘देणे’ या दोन सहायक क्रियापदांनी उचलले. ‘पत्र लिहून घे’ आणि ‘पत्र लिहून दे’ यांत फळ कोणाकडे जाते ते स्पष्ट आहे. आम्ही सीमाभागातले लोक कानडीतही हेच रोज ऐकतो. ‘माडु’ म्हणजे कर. ‘माडिकोळ्ळु’ म्हणजे स्वतःसाठी कर. ‘माडिकोडु’ म्हणजे दुसऱ्याला करून दे. कोळ्ळु म्हणजे घेणे आणि कोडु म्हणजे देणे. संस्कृतातून मराठी, शेजारची द्राविडी कानडी आणि लॅटिनपासून झालेली स्पॅनिश, या तिघींनीही क्रियेचे फळ कोणाच्या पदरात पडले हे क्रियापदाच्या अंगावरच लिहून ठेवले आहे.

ज्या आन्तोनिओ दे नेब्रिहाने १४९२ च्या ऑगस्ट महिन्यात आपले स्पॅनिश व्याकरण येथे प्रसिद्ध करून राणी इसाबेलला अर्पण केले, त्याच्या स्मृतीने हे गाव भारलेले आहे. युरोपातील बोलभाषांपैकी छापील व्याकरण लाभलेली ही पहिली भाषा. परंतु १४९२ हे साल व्याकरणाखेरीज इतर गोष्टींसाठीही लक्षात ठेवावे लागते. त्या जानेवारीत ग्रानादा पडले, ऑगस्टच्या आरंभी कोलंबस निघाला, आणि या दोहोंच्या मध्ये, ३१ मार्च रोजी, स्पेनमधील ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा किंवा देश सोडावा, असे फर्मान सुटले. सालामांकात जन्मलेला ज्योतिर्विद अब्राहाम झाकूतो त्या वर्षी पोर्तुगालला गेला. त्याची ग्रहगणिताची कोष्टके वास्को द गामाच्या १४९७ च्या सफरीत उपयोगी पडली. ती सफर कालिकतला पोहोचली, आणि तिच्या मागोमाग आलेल्यांनी गोव्याचा इतिहास बदलला. ज्या मनुष्याच्या गणिताचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो, त्याच्याविषयी स्पॅनिशमध्ये दोन वाक्ये लिहिता येतात. ‘से फ्वे’, म्हणजे तो निघून गेला. ‘लो एचारोन’, म्हणजे त्याला घालविले. दोन्ही व्याकरणशुद्ध आहेत. पहिल्यात ‘से’ आहे, आणि कर्ता व भोक्ता दोन्ही झाकूतोच आहे. दुसऱ्यात झाकूतो कर्म झाला आहे आणि कर्त्याची जागा कोणास तरी भरावी लागते. पाठ्यपुस्तकात कोणते वाक्य घालावयाचे, हे ठरविणाऱ्याला व्याकरण पुरे पडत नाही.

याच गावी स्पेनच्या यादवी युद्धाचे दफ्तरखाने आहे. १९३६ ते १९३९ या काळात फ्रँकोचे सैन्य जसजसे एकेक शहर घेत गेले, तसतशी विरोधी पक्ष, कामगार संघटना आणि व्यक्ती यांची कागदपत्रे उचलून येथे आणली गेली. त्यांतून नावे काढून लाखो चिठ्ठ्या तयार केल्या, आणि त्या चिठ्ठ्यांच्या आधारे पुढे लोकांवर खटले भरले. फ्रँको १९७५ साली वारला. कातालोनियातून नेलेले कागद परत करण्याचा कायदा २००५ साली झाला, आणि पुढील वर्षी पेट्या परत जावयास लागल्या. ते कपाट-कपाट कागद पाहताना आम्हांस राहून राहून वाटे की, ‘येथे कागद जमा झाले’ असे एखाद्याने म्हटले तर त्यात असत्य काही नाही. फक्त ज्यांच्या घरांतून ते उचलले त्यांचे दार आणि ज्यांनी उचलले त्यांचे हात त्या वाक्यात दिसत नाहीत. प्लाथा मायोरमधील मुखवट्यांत फ्रँकोचाही एक मुखवटा होता. तो २०१७ साली नगरपालिकेने काढला. तो पडला नाही, निखळला नाही, काढला. आम्ही ती जागा मुद्दाम जाऊन पाहिली.

परतण्याच्या आदल्या दिवशी विद्यापीठातील फ्राय लुईस दे लेओन याचा वर्ग पाहिला. ओबडधोबड तासलेल्या लाकडी ओंडक्यांचे बाक, उंचावर आचार्यांचे आसन, एवढेच सामान. हा धर्मोपदेशक, कवी आणि अध्यापक. बायबलच्या लॅटिन भाषांतरापेक्षा हिब्रू मूळास त्याने अधिक मान दिला, आणि त्यातील एका काव्याचे भाषांतर लोकांच्या स्पॅनिशमध्ये केले. त्यासाठी १५७२ साली त्यास धर्मन्यायालयाने अटक केली आणि १५७६ च्या डिसेंबरात सोडले. आख्यायिका अशी की, जवळजवळ पाच वर्षांनी पुन्हा वर्गात उभा राहिला तेव्हा त्याने झाल्या प्रकाराविषयी चकार शब्द काढला नाही; काल आपण कोठपर्यंत आलो होतो ते सांगून पाठ पुढे सुरू केला. ‘मी गेलो होतो’ असे त्याने म्हटले नाही, कारण तो आपणहून गेला नव्हता. ‘मला नेले होते’ असेही म्हटले नाही. त्याने कर्ता निवडला तो ‘आपण’, म्हणजे शिकविणारा आणि शिकणारे मिळून. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या बाकांपुढे उभे राहिल्यावर शिक्षकाच्या पेशातील कोणाचाही कंठ दाटून यावा.

मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांतून मुले दोन-दोन, तीन-तीन भाषा बोलत वाढतात. ‘टूट गया’ आणि ‘तोड़ दिया’ यांतील फरक त्यांना शाळेत जाण्यापूर्वीच समजतो. कोणत्या वेळी ‘फुटली’ म्हणावे आणि कोणत्या वेळी ‘फोडली’ म्हणावे, हे मात्र घरातील मोठ्यांचे बोलणे ऐकूनच ती शिकतात. वडील ‘पैसे खर्च झाले’ म्हणतात की ‘मी खर्च केले’. आई ‘निरोप राहून गेला’ म्हणते की ‘मी सांगितला नाही’. मुख्याध्यापक ‘निकाल कमी लागला’ म्हणतात की ‘आम्ही कमी पडलो’. तिकडे मुलांचे कान असतात. सहा वर्षांच्या मुलाने पेला पडल्यावर ‘से मे आ काईदो’ म्हणावे, आणि आजीने त्याचा हात तपासावा, हे योग्यच झाले. त्याने जाणूनबुजून काही केले नव्हते, आणि भाषेने त्यास तेवढी सवलत ठेवली आहे. ती सवलत मोठ्यांनी मोठ्या गोष्टींसाठी वापरू लागू नये, म्हणून दोन्ही रूपे नीट शिकविली पाहिजेत. यंदा जूनमध्ये शाळा उघडल्यावर सातवीच्या वर्गात सकर्मक-अकर्मकाचा पाठ आम्ही स्वतः घेतला. उदाहरण अर्थात खिडकीच्या काचेचे होते.